इतिहासाच्या खात्याबाहेरचा इतिहासकार

(महाळुंगे, ता. मुळशी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी इतिहासाच्या प्राध्यापकाची नोकरी कधीच केली नाही. पगार घेतला तो गणिताचा. आधी बनारस, मग अलीगढ, १९३३ ते १९४५ पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि पुढे १९६२ पर्यंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. सगळीकडे गणितच. इतिहास विभागात त्यांचं टेबल नव्हतं आणि हाताखाली इतिहासाचे पीएच.डी.वाले नव्हते. तरीही आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात प्राचीन भारताविषयी बोलायला उभं राहिलं की या गृहस्थांना टाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्याशी भांडायचं असलं तरी आधी त्यांचं म्हणणं मांडावं लागतं.

जागतिक इतिहासकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड ग्रंथ येतो. एक प्रकरण मिसरचं, एक ग्रीसचं, एक चीनचं. कोसंबींनी असला ग्रंथ लिहिला नाही. ग्रीसला, रोमला, चीनला जे प्रश्न विचारतात ते त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिवारांना विचारले. पीक कोण काढतं, वरचं कोण नेतं, ते नेताना दांडकं लागतं की देव पुरतो, व्यापारी कुठल्या वाटेने येतो आणि रात्री कुठे थांबतो. म्हणून मी त्यांना जगाचा इतिहासकार म्हणतो. खात्याबाहेर राहिल्यामुळे हे त्यांना जमलं, असं माझं मत आहे. त्यांच्या चुकाही थोड्याफार त्याच कारणाने झाल्या. तेही बोलणार आहे, कारण नुसती आरती ओवाळली तर कोसंबींनाच ते आवडलं नसतं.

हे महाळुंग्यात बोलायला मला विशेष बरं वाटतं. मुळा नदीच्या काठावरचं हे गाव. पलीकडे हिंजवडी, खालच्या अंगाला बालेवाडी, मग बाणेरची टेकडी, पाषाण आणि त्या डोंगराच्या मागच्या बाजूला भांडारकर रस्ता, जिथे कोसंबी राहत. हा सगळा मुलूख त्यांनी हातात काठी घेऊन तुडवला. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी इथे क्रीडासंकुल उभं राहिलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं, त्याच्या तर कितीतरी आधीची.

आता या माणसाचं घर पाहू. वडील धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघालेला हा माणूस पुणे, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपापर्यंत गेला, ब्रह्मदेशात राहिला आणि पाली शिकून आला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. फर्ग्युसनमध्ये त्यांनी पाली शिकवली. हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावून घेतलं. १९१८ साली ते परत अमेरिकेला निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर बरोबर होते.

दामोदरचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. मधला थोडा काळ सोडला तर त्याचं शिक्षण मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावातच झालं. १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने सर्वोच्च श्रेणीत मिळवली. गणिताबरोबर ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा होत्याच. घरी पाली होती. लोक म्हणतात, काय ही बुद्धी! मला बुद्धीइतकंच महत्त्व त्या घराला द्यावंसं वाटतं. ग्रंथाची एक प्रत दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहणारा बाप रोज समोर बसलेला असला की मुलाला पुरावा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेचा ४१ वा खंड धर्मानंदांनी सुधारलेला 'विसुद्धिमग्ग' आहे. तो १९५० साली निघाला तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच मालेचा ४२ वा खंड, १९५७ चा, 'सुभाषितरत्नकोश'. संपादक दामोदर कोसंबी आणि फर्ग्युसनचे वि. वा. गोखले. बाप ४१, लेक ४२.

परत आल्यावर बनारस आणि मग अलीगढ. अलीगढला गणित विभागाचा प्रमुख होता आंद्रे वेई, पुढे विसाव्या शतकातला मोठा गणिती ठरलेला फ्रेंच तरुण. १९३१ साली कोसंबींनी एक निबंध छापला. त्यात बुर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला आहे. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! ती वेईची खोडी होती आणि कोसंबी त्यात आनंदाने सामील झाले. पुढे फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका गटाने हेच नाव घेऊन गणिताचे ग्रंथच्या ग्रंथ काढले. बुर्बाकी पहिल्यांदा छापला गेला तो आजच्या उत्तर प्रदेशात. ही गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण छायाचित्रात कोसंबी फार कडक दिसतात.

इतिहासाकडे ते कसे वळले? या प्रश्नाला त्यांनी स्वतःच उत्तर दिलेलं आहे आणि ते फार साधं आहे. संख्याशास्त्र शिकायचं होतं. शिकायला खरा, हाताशी असलेला प्रश्न हवा होता. तो मिळाला जुन्या नाण्यांत.

इथे थोडं थांबतो, कारण कोसंबींचं सगळं डोकं या एका कामात दिसतं.

आपल्याकडची सर्वांत जुनी चांदीची नाणी आहत नाणी म्हणून ओळखली जातात. पत्र्याचे तुकडे कापायचे, मापाला आणायचे आणि त्यांवर ठसे मारायचे. वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पुढच्या बाजूला पाच ठसे: सूर्य, चक्र, डोंगर, प्राणी असे. मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा, कुणावर एक, कुणावर चार, कुणावर एकही नाही. नाव नाही आणि साल नाही. नाणेतज्ज्ञ तोवर या चिन्हांचे अर्थ लावत बसले होते. हे चिन्ह शिवाचं, ते बुद्धाचं. कोसंबींनी अर्थ बाजूला ठेवला आणि तराजू पुढे ओढला.

नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एका नाण्याचं वजन पाहून काही कळत नाही. ते मुळातच कमी कापलं गेलं असेल किंवा कुणी कड घासली असेल. पण एकाच ढिगातली शेकडो नाणी घेतली की झीज बोलायला लागते. जास्त दिवस फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरतं. शिवाय वजनांतला आपसातला फरक वाढलेला असतो, कारण प्रत्येक नाण्याचं नशीब वेगळं. हे गणित खरं आहे की नाही हे पाहायला त्यांनी चालू चलनातली नाणी वजन केली. त्यांच्यावर साल छापलेलंच असतं, तेव्हा कुठलं किती वर्षं फिरलं ते ठाऊक. झिजेचा हिशेब जुळला. मग तेच माप घेऊन ते तक्षशिलेच्या ढिगाकडे गेले. तिथे दिसलं की मागच्या बाजूला जितक्या खुणा जास्त, तितकं नाणं हलकं. म्हणजे त्या खुणा एकदम मारलेल्या नव्हत्या. नाणं बाजारात असताना व्यापाऱ्यांनी किंवा त्यांच्या श्रेणींनी, म्हणजे संघांनी, ते वेळोवेळी पारखून ठसे मारले होते, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

आता यात जग कुठे आलं? तक्षशिलेला १९२४ साली सापडलेल्या त्या ढिगात हजारावर देशी नाण्यांबरोबर सिकंदराची दोन नाणी होती आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या फिलिपचं एक. जवळजवळ कोरी. म्हणजे ढीग पुरला तो काळ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीचा. तीन ग्रीक नाण्यांनी हजार भारतीय नाण्यांना तारीख दिली, आणि भारतीय नाण्यांच्या झिजेने मगधापासून तक्षशिलेपर्यंतच्या व्यापाराचा ताळेबंद मांडला. एका बाजूला राजांच्या याद्या देणारी पुराणं आणि दुसऱ्या बाजूला मिलिग्रॅम. कोणती नाणी कोणत्या राजाची, हे जोडताना कोसंबींनी जे सांगितलं ते पुढच्या नाणेतज्ज्ञांनी सगळं मानलेलं नाही. पण नाण्याकडे ढिगाने पाहायचं, ही त्यांची शिकवण टिकली.

मग प्रश्नाला प्रश्न लागले. ही नाणी पाडणारे कोण, हे पाहायला जुने ग्रंथ उघडले. ग्रंथ विश्वासाने वाचायचे तर संस्कृत पक्कं हवं. ते पक्कं करायला हाती घेतला भर्तृहरी. शेकडो हस्तलिखितं ताडून त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली. गणिताच्या मास्तराने! त्याआधी १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र दिलं. गुणसूत्रावर दोन जनुकांमध्ये अंतर किती, हे काढायचं. बियाण्यांवर काम करणारे शास्त्रज्ञ ते सूत्र आजही वापरतात आणि त्याला कोसंबींचंच नाव आहे. कृषी विद्यापीठातल्या किती जणांना ठाऊक असेल की हा तोच कार्ल्याच्या लेण्यांवर लिहिणारा माणूस?

कार्ल्याचं नाव निघालंच आहे. आपल्या शेजारच्या मावळातलं. तिथे आपण एकवीरेला जातो. आई एकवीरा कोळी बांधवांची, आगरी बांधवांची. कोकणातून, मुंबईतून पालख्या येतात. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे, आपल्या देशातल्या सर्वांत भव्य कोरीव चैत्यगृहांपैकी एक. गर्दीत दर्शन घेऊन आपण उतरतो. कोसंबी आत थांबले आणि खांब वाचू लागले.

या खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, शेठ भूतपाल आहे. सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि बऱ्याच जणांनी आपलं गाव धेनुकाकट सांगितलं आहे. त्यांतले काही स्वतःला यवन म्हणवतात. मावळातल्या बौद्ध लेण्याला खांब देणारे यवन! एका खांबाच्या माथ्यावर तर स्फिंक्स आहे. धड सिंहाचं, तोंड माणसाचं. नाईल नदी आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचा हा प्राणी इंद्रायणीच्या खोऱ्यात येऊन बसला आहे. अंधारात मान वर करून पाहावं लागतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

धेनुकाकट नेमकं कुठे, याविषयी विद्वानांची मतं वेगळाली आहेत. ते कार्ल्याच्या आसपासच असावं, असं कोसंबींनी एका लांबलचक निबंधात मांडलं. मला त्या गावापेक्षा त्यांनी पुढे विचारलेला प्रश्न मोठा वाटतो. भिक्षूंना एकांत हवा असतो. मग ही लेणी घाटांच्या तोंडाशी का? बोरघाटाजवळ कार्ले, भाजे, बेडसे. नाणेघाटाच्या वर जुन्नरची लेणी. बाजारी वाट जिथून जाते तिथेच विहार. कोसंबी म्हणाले, विहार हे ध्यानाचं ठिकाण होतं तसंच तांड्यांचं ठाणंही होतं. तिथे पाणी होतं, साठा होता, ओळख होती, पत होती. चीनमधल्या बौद्ध मठांनी सावकारी केली, जमिनी राखल्या, व्यापाऱ्यांना भांडवल पुरवलं, हे त्यांनी वाचलेलं होतं. तेच भिंग त्यांनी मावळावर लावलं. रोमला जाणारा माल सोपारा, कल्याणच्या बंदरात उतरायचा तो याच घाटांतून. बंदरापासून पठारापर्यंतची ती सगळी साखळी त्यांना एका खांबावरच्या एका ओळीत दिसली.

आणि लेण्याच्या दारात देवी का? तिथून कोसंबींचं दुसरं मोठं काम सुरू होतं. रविवारी, सुट्टीला ते टेकड्यांवर हिंडत. जमिनीवरून गारगोटीसारख्या दगडाची बारीक पाती वेचत. नखाएवढी. अश्मयुगातल्या माणसाने बाणाला, विळ्याला बसवलेली. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर ही पाती त्यांना ढिगांनी मिळाली. हे करताना त्यांच्या लक्षात आलं की जिथे पाती मिळतात तिथे, किंवा जवळच, शेंदूर फासलेला दगड असतो. कुठे तुकाई, कुठे म्हसोबा, कुठे साती आसरा. ही ठाणी आजच्या गावठाणापासून दूर, मोकळ्या माळावर, वाटांच्या फाट्यावर असतात. गाव वसण्याआधी जी माणसं गुरं-मेंढरं घेऊन ऋतूप्रमाणे वर-खाली करत होती, त्यांच्या वाटा जिथे मिळत तिथे हे देव बसले, आणि शेती आल्यावर, गाव झाल्यावरही ते हलले नाहीत. १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या पुस्तकात हा सगळा मुलूख आहे.

तुमच्या रोजच्या पाहण्यातलं सांगतो. बाणेरच्या टेकडीवर तुकाई आहे. पलीकडे हिंजवडी-वाकडचा म्हातोबा. चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला त्याचं बगाड निघतं, ठरलेल्या घराण्यातल्या गळकऱ्याला, म्हणजे बगाडावर टांगून घेणाऱ्याला, मान असतो, आणि ते बगाड आता संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींजवळून जातं. बोल्हाईचं मटण म्हणून पाट्या आपण वाचतो. काही घरांत बोकड चालत नाही, मेंढी चालते, कारण देवी बोल्हाई. खाणाऱ्याला ती चव वाटते. कोसंबींसारखा माणूस तिथे मेंढपाळांच्या जुन्या समूहाची खूण शोधतो. त्यांनी स्वयंपाकघरही सोडलं नाही. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात, बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणतात. मंत्र सांगायला भटजी नसतात, सगळा कारभार बायकांचा. हा पाटा-वरवंटा म्हणजे शेतीच्या पहिल्या दिवसांतलं दळायचं हत्यार, अगदी तशाच घडणीचं पश्चिम आशियातल्या उत्खननांत मिळतं. पोथीत नसलेला विधी त्या दगडाबरोबर आमच्या माजघरात राहिला, असं त्यांचं म्हणणं.

इथे मात्र मला त्यांच्याशी भांडायचं आहे. एखादी गोष्ट आज आहे आणि पाच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीसारखी दिसते, म्हणून ती सलग चालत आली असं होत नाही. पंढरीच्या वारीचं घ्या. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर अश्मयुगीन पाती मिळतात. शिवाय पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याने घर सोडून चालत सुटावं, हे शेतीच्या सोयीचं नाही. तेव्हा ही वाट शेतीपूर्व भटक्यांची, असं कोसंबी सुचवतात. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं. पण डोंगर, ओढे आणि घाटातला उतार माणसाला एकाच जागेवरून चालायला लावतात. दहा हजार वर्षांपूर्वीचा शिकारी असो की काल निघालेला वारकरी, दिवेघाट टाळून कुठे जाणार? वाट एक असली तरी चालणाऱ्यांचं नातं सिद्ध होत नाही. मधल्या काळाचा पुरावा लागतो, आणि तो कोसंबींकडे फार ठिकाणी नव्हता. पुरातत्त्वाच्या एखाद्या विभागात ते असते, तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्यांना खोदायला, थर मोजायला लावलं असतं. जमिनीवर वेचलेल्या दगडाला थर नसतो. तेव्हा डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांची मंडळी पद्धतशीर उत्खननं करत होती. दोन्ही घरांत फार सख्य होतं असं दिसत नाही. पुणं लहान शहर होतं आणि विद्वान मोठे होते.

खात्याबाहेर असण्याचा फायदाही तितकाच खणखणीत. १९४९ साली कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचं पुस्तक आलं, भारत आदिम साम्यवादाकडून गुलामगिरीकडे कसा गेला यावर. कोसंबी स्वतः मार्क्सवादी. पण भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी या पुस्तकाचा जो समाचार घेतला, तो विरोधकांनीही घेतला नसता. मुद्दा असा: युरोपात आधी टोळ्या, मग गुलामगिरी, मग सरंजामशाही, मग भांडवलशाही असा क्रम लागला म्हणून तो आपल्याकडे जसाच्या तसा चिकटवायचा नसतो. अथेन्स आणि रोम गुलामांच्या श्रमावर उभे होते. आपल्याकडे दास होते, पण सगळा डोलारा त्यांच्यावर नव्हता. इथे वरचं धान्य काढून घ्यायचं काम जातीने केलं, आणि जातीला देवाधर्माचं पाठबळ असल्यामुळे चाबूक कमी लागला. मार्क्सची पद्धत घ्यायची आणि मार्क्सची उत्तरं पाठ करायची नाहीत, हा त्यांचा हट्ट. कम्युनिस्ट पक्षात असते तर त्यांना हे लिहू दिलं असतं का? विद्यापीठाच्या इतिहास विभागात असते तर मार्क्सच घेऊ दिला असता का? दोन्ही दारं बंद होती. ते अंगणात बसून लिहीत राहिले.

१९५६ साली 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हा ग्रंथ मुंबईहून निघाला. त्यात राजांची वंशावळ शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. उत्पादनाची साधनं आणि माणसामाणसांतले संबंध कसे बदलत गेले, त्यांचा क्रम म्हणजे इतिहास, अशी व्याख्या करून ते पुढे जातात. आपल्याकडची सरंजामशाही दोन टप्प्यांत आली, असं त्यांनी सांगितलं. आधी वरून, म्हणजे राजाने आपले हक्क मांडलिकांना, अधिकाऱ्यांना देऊन टाकले. मग खालून, म्हणजे गावातच जमीनवाल्यांचा एक थर तयार झाला, जो राजा आणि कुणबी यांच्यामध्ये उभा राहिला. देशमुख-पाटलांचा प्रदेश पाहिलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. पुढे १९७९ साली इतिहासकार हरबन्स मुखियांनी भारतात सरंजामशाही होती तरी का, असा सवाल टाकला आणि मोठा वाद झाला. देशोदेशीचे इतिहासकार त्यात उतरले. कोसंबी तेव्हा हयात नव्हते, पण वादाचा पट त्यांनीच मांडून ठेवला होता.

  

नोकरीची गोष्ट आता थोडक्यात. १९४५ साली होमी भाभांनी त्यांना टाटा संस्थेत नेलं. राहणं पुण्यात, काम मुंबईत, डेक्कन क्वीनने जाणं-येणं. १९४९ साली शिकागोला शिकवून आले, प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांची भेट झाली. जागतिक शांतता चळवळीत ओढले गेले, रशिया-चीनला गेले. इथे भाभांशी बिनसायला लागलं. भाभा अणुऊर्जेचे शिल्पकार, आणि त्यांच्याच संस्थेतला हा प्राध्यापक जाहीरपणे म्हणत होता की आपल्यासारख्या उन्हाच्या देशाने अणूपेक्षा सूर्याकडे पाहावं. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबातही हेच सांगून आले. त्यातच गणितात एक मोठी घसरण झाली. मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचं रीमानचं गृहीतक हे गणितातलं सर्वांत अवघड कोडं. ते आपण संभाव्यतेच्या मार्गाने सोडवलं, असा त्यांनी दावा केला, आणि तो छापला कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. दावा टिकला नाही. जाणकारांत नाव खराब झालं. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. ज्यांना ते नकोसे झाले होते त्यांच्या हातात कारण त्यांनीच दिलं, असं म्हणावं लागतं. स्वभाव तिखट, जीभ त्याहून. 'एग्झॅस्परेटिंग एसेज' असं स्वतःच्याच निबंधसंग्रहाचं नाव ठेवणारा माणूस. वैताग आणणारे निबंध!

त्यानंतरची चार वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वाटतात. दोन वर्षं कुठल्याच संस्थेत नव्हते. मग १९६४ पासून केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्याच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसू लागले. १९६५ साली लंडनहून 'द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया' आलं. ते त्यांचं सर्वांत वाचनीय पुस्तक. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी तिथून करावी, १९५६ च्या ग्रंथाला मागाहून हात घालावा. १९६६ च्या फेब्रुवारीत 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांचा नाण्यांवरचा लेख आला. म्हणजे १९४० च्या सुमाराला तराजू घेऊन सुरू केलेलं काम पाव शतकानंतर जगभरच्या साध्या वाचकापुढे गेलं.

२९ जून १९६६ ला पुण्यात राहत्या घरी झोपेतच त्यांचं निधन झालं. ५९ पुरे व्हायला महिना उरला होता. पुढे त्यांना मान मिळाला. केंद्र सरकारने २००८ साली टपाल तिकीट काढलं, गोवा सरकार त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवू लागलं, गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन झालं. पुण्यात मात्र त्यांच्या घराजवळून जाणाऱ्या दहा जणांना विचारा, नऊ जण वडिलांचं नाव तरी सांगतील किंवा तेही नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी, १९६७ च्या फेब्रुवारीत, त्याच अमेरिकन मासिकात त्यांचा आणखी एक लेख छापून आला. विषय होता भारतातला जिवंत प्रागितिहास. मालमसाला सगळा आपल्याकडचा: पुण्याभोवतीच्या टेकड्या, गुरं राखणाऱ्यांच्या वाटा, वाटांच्या फाट्यावरचे शेंदरी देव. न्यूयॉर्कच्या वाचकाने तो वाचला तेव्हा मुळशी-मावळात मेंढरं त्याच वाटांनी खाली उतरत होती.